भाच्याला ऊन लागलं

आफ्रिकेतून पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्या गल्लीनं सगळ्या गोष्टींची काळजी केली, फक्त उन्हाची केली नाही. पाण्याची केली. अकोल्यात नळ चार-पाच दिवसांआड येतो, तेव्हा एक ड्रम जास्तीचा भरून ठेवा, असं चौघांनी घरी येऊन सांगितलं. मच्छरांची केली, तिखटाची केली, त्याला खाटेवर झोप येईल की गादीच लागेल याचीही केली. पण ऊन? "आफ्रिकेतला पोट्टा आहे तो मास्तर. त्याले काय ऊन लागते? तो तं जन्मलाच उन्हात," असं शेजारचे वकीलसाहेब म्हणाले, आणि वकीलसाहेब एकदा बोलले की आमच्या गल्लीत पुढे अपील चालत नाही.

मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. नैरोबी विषुववृत्ताला खेटून असली तरी समुद्रसपाटीपासून जवळजवळ १,८०० मीटर उंच आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वांत उंच शिखरावर उभं राहिलं तरी नैरोबी मान वर करूनच पाहावी लागेल. तिथे घरात पंखा नसला तरी चालतं आणि जून-जुलैत लोक स्वेटर घालतात, हे सगळं मी नकाशा उघडून सांगितलं. वकीलसाहेबांनी नकाशा पाहिला, आफ्रिकेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे पाहा, इथं पिवळा रंग दिला आहे. वाळवंट." ते सहारा होतं. पण भूगोलाच्या मास्तरचं जिथे परीक्षेला बसलेल्यांनी ऐकलं नाही, तिथे वकिलानं का ऐकावं?

पाहुणा म्हणजे माझा भाचा. त्याची आई माझी थोरली बहीण. तिचं माहेर अकोला, सासर अमरावती, सासरचं मूळ गाव दर्यापूर तालुक्यात. भाऊजी हिशेबाच्या कामात तरबेज; १९९३ साली एका कंपनीनं त्यांना नैरोबीला बोलावलं. दोन-तीन वर्षांत परत येतो म्हणून गेले. वऱ्हाडात अशी दोन-तीन वर्षं कोणी बोटांवर मोजत नाही म्हणून बरं. १९९४ साली भाचा तिकडेच झाला. जावळ काढायला तेवढा आणला होता. पुढे ताई-भाऊजींचं येणं राहूनच गेलं; पोराची कधी शाळा, कधी परीक्षा, कधी नोकरी. तिशी ओलांडल्यावर आता चुलतभावाच्या लग्नाचं निमित्त झालं आणि समजत्या वयात पहिल्यांदाच तो आईबापाचा मुलूख पाहायला निघाला. लग्न अमरावतीचं, तिथी एप्रिलच्या शेवटची. मुलूख पूर्ण तापमानात पाहायला मिळणार होता.

तो आधी कुठे उतरणार यावर दोन गावांत महिनाभर फोन चालले. अमरावतीला बेलोऱ्याच्या विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची विमानसेवा सुरू झाली होती, आणि ती आपल्या पुतण्याच्या सोयीसाठीच सुरू झाली अशा थाटात त्याचे काका बोलत होते. "आमचा पोरगा आमच्या विमानतळावर उतरीन. तुमच्याकडे विमानतळ आहे का?" आहे. अकोल्याला शिवणीचा विमानतळ आहे. धावपट्टी तेवढी वाढवायची आहे. हे वाक्य अकोल्यात पिढीजात आहे. ते बोलताना आमचा आवाज आपोआप खाली येतो. शेवटी माझ्या आईनं निकाल दिला: पोराची आई अकोल्याची, पहिलं पाणी मामाच्या घरचं. त्यामुळे तो मुंबईहून रात्रीच्या गाडीनं अकोल्याला आला. नैरोबीहून मुंबई सहा तास आणि मुंबईहून अकोला त्याहून जास्त, हे त्यानं प्लॅटफॉर्मवरच नोंदवलं. मी म्हटलं, बाबा, आपण पहिल्यापासून मुंबईपेक्षा नैरोबीलाच जास्त जवळ आहोत.

घरी आईसमोर आम्ही सगळे जरा अवघडूनच उभे होतो. ती आता नव्वदीकडे झुकलेली, कमी ऐकू येणारी. नातू इंग्रजी बोलला तर काय करायचं म्हणून माझ्या नातीला दुभाषी नेमलं होतं. भाच्यानं वाकून नमस्कार केला, तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "आजी, तू तं लयच वाळली वं! जेवतबिवत नाई काय?"

घरात शांतता पसरली. मग आई अशी हसली की दुभाषी घाबरली. ही नात जन्मल्यापासून अकोल्यातच आहे, मोठ्या फीच्या शाळेत जाते आणि टीव्हीवरच्या बायकांसारखं शुद्ध मराठी बोलते. ती माझ्या कानात म्हणाली, "आजोबा, हा दादा असा का बोलतो?" काय सांगणार? आपली भाषा अशीच होती म्हणून सांगितलं. तिला ते खरं वाटलं नाही. पुढचे सगळे दिवस हाच प्रकार. 'मले', 'तुले', 'काऊन', 'कायले' असं तो रस्त्यात मोकळेपणानं बोलायचा आणि दुकानदार त्याला हिंदीत उत्तर द्यायचे. रिक्षावाल्याला त्यानं "जठारपेठले चालतं काय भाऊ?" विचारलं, तो म्हणाला, "बैठो साब." खेड्यावरून आला असावा असंच बहुतेकांना वाटलं. केनियाचा पासपोर्ट खिशात घेऊन हा माणूस अकोल्यात गावंढळ ठरला.

यात त्याचा दोष नव्हता. ताईनं त्याला तिकडे जो वऱ्हाड शिकवला तो १९९३ चा होता, आणि तिला बिचारीला पुढच्या आवृत्त्या कोणी पाठवल्या नव्हत्या. जाताना तिनं त्याला स्वतःच्या अक्षरात यादी करून दिली होती. स्टेशनवर टांगा करावा. टांगेवाल्याला आधी पैसे ठरवून सांगावे. कापसाच्या दिवसांत बाजाराच्या बाहेर बैलगाड्यांची रांग लागते ती पाहावी. मुर्तिजापूरला शकुंतलेत बसावं. मोर्णा नदीच्या काठानं संध्याकाळी फिरावं. शेवटचं वाचून आमची मंडळी जरा खोकली. मोर्णेच्या काठानं आता कोणी हौसेनं फिरत नाही. फिरलंच तर श्वास धरून फिरतं. यादीतली वस्तू अजून जागेवर आहे असं दोनच ठिकाणी निघालं: राजराजेश्वराचं मंदिर आणि असदगड. म्हणून दुसऱ्याच दिवशी भाचा ती दोन्ही पाहायला निघाला. किती वाजता? तर पोहे खाऊन, आंघोळ करून, आरामात अकरा वाजता. त्याला कोणी अडवलं नाही. वकीलसाहेब तर ओट्यावरून म्हणाले, "जाऊ द्या, त्याले घरच्यासारखं वाटीन."

अकोल्याचं एप्रिलअखेरचं ऊन ज्यानं पाहिलं नाही त्याला ते लिहून कळणार नाही. पारा चव्वेचाळीसच्या पुढे. साडेबाराच्या सुमाराला शहर दुकानाचं शटर ओढावं तसं बंद होतं. रस्त्यावर दिसतो तो माणूस नसतो, दुपट्ट्यात गुंडाळलेली दोन डोळ्यांची फट असते. भाच्याच्या डोक्याला काहीच नव्हतं. असदगडाच्या बुरुजावर तो बराच वेळ उभा राहिला म्हणे, आईनं सांगितलेलं अकोला कुठल्या बाजूला आहे ते शोधत. दोन वाजता त्याला रिक्षावाल्यानं घरी आणला तेव्हा त्याचा चेहरा लालभडक, घाम बंद आणि तो आम्हाला स्वाहिलीत काहीतरी सांगत होता. डॉक्टरांनी सलाईन लावली.

बातमी फुटली. तुम्हाला वाटेल गल्लीला वाईट वाटलं असेल. वाटलं, नाही असं नाही. पण त्याच्या आधी जे वाटलं तो अभिमान होता. आफ्रिकेतला माणूस अकोल्याच्या उन्हानं आडवा झाला! जिल्ह्याचा असा विजय अलीकडे झाला नव्हता. संध्याकाळपर्यंत घरात पन्ह्याचे तांबे, ताकाचे गडवे आणि पिशवीभर कांदे जमा झाले. कांदा खिशात ठेवायचा, ऊन बाधत नाही. भाच्यानं विचारलं, कोणत्या खिशात? यावर दोन गट पडले. नाही म्हणायला वकीलसाहेब थोडे गप्प होते, पण तेही लवकरच सावरले: "मी म्हणलं होतं त्याले घरच्यासारखं वाटीन. आमच्या घरच्यायलेही असंच होते."

उशाशी बसून मग एकेकानं उन्हाच्या कथा सांगितल्या. त्यातली एक भाच्याला थापच वाटली. मे २०२४ मध्ये अकोल्यात जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हापायी कलम १४४ लावलं होतं. २५ तारखेपासून ३१ पर्यंत. दंगल नाही, मोर्चा नाही, निवडणुकीची मिरवणूक नाही, ऊन. खासगी शिकवण्या सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचच्या नंतर घ्या, कामगारांना पिण्याचं पाणी आणि पंख्याची सोय करा, असा रीतसर आदेश. मी वर्तमानपत्राचं कात्रण काढून दाखवलं तेव्हा कुठे त्याचा विश्वास बसला. "पण मामाजी, जमावबंदी लोकायवर काऊन लावली? उन्हावर लावायची ना." वकीलसाहेब म्हणाले, ऊन एकटंच असतं, कलम लागू होत नाही.

बरं वाटल्यावर प्रश्नांची फेरी झाली. तुमच्याकडे सिंह रस्त्यावर फिरतात म्हणे? विचारणाऱ्याला उत्तर नकारार्थी अपेक्षित होतं. त्यावर आपण समजूतदारपणे हसायचं असंही ठरलं होतं. भाचा म्हणाला, रस्त्यावर रोज नाही फिरत, पण नॅशनल पार्क शहराला लागूनच आहे, १९४६ पासूनचं. जिराफाचा फोटो काढला तर मागे उंच इमारती येतात, आणि एखादवेळी सिंह वाट चुकून वस्तीकडे येतो. प्रश्नकर्ता गप्प झाला. त्याच्या सातव चौकात नीलगायसुद्धा आली नव्हती.

इथून आमच्या मंडळींच्या डोक्यात चुरस शिरली. नैरोबीत नाही असं काहीतरी या पोराला दाखवायचं. ही स्पर्धा आम्ही अकोल्यात सुरू केली आणि अमरावतीनं ती मोठ्या उत्साहानं हरत नेली.

अमरावतीला नेताना सुरुवात तर जोरदार झाली, कारण रस्ताच विक्रमी. अमरावती-अकोला महामार्गावर ३ ते ७ जून २०२२ या पाच दिवसांत, १०५ तास ३३ मिनिटं सलग काम करून, ७५ किलोमीटरचा डांबरी थर टाकला. गिनीज बुकात नोंद आहे. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता. न्यायला आलेल्या काकांनी हे गाडी चालवत, दोन्ही हात सोडून सांगितलं. भाच्यानं साधा प्रश्न केला: "म्हणजे आपल्याकडे रस्ते असे पाच दिवसांत होतात?" काकांनी हात परत स्टिअरिंगवर ठेवले. हाच रस्ता त्याआधी वर्षानुवर्षं रखडला होता, कंत्राटदार येत होते आणि जात होते, आणि त्यावरून गेलेल्या प्रत्येक वऱ्हाडी माणसाच्या कमरेत त्याची नोंद आहे. ती गिनीजनं घेतलेली नाही. पण मला विचाराल तर हा वऱ्हाडी स्वभावच. कामाला हात लावायला वर्षं. लावला की दोहाबिहा काही नाही.

वाटेत मुर्तिजापूरला थांबलो, शकुंतलेसाठी. ताई लग्न होऊन दर्यापूरकडे गेली ती याच गाडीनं. यवतमाळ-मुर्तिजापूर-अचलपूर असा जवळपास १९० किलोमीटरचा हा चिमुकला रूळमार्ग ब्रिटिश कंपनीनं कापसासाठी टाकला. देशातल्या रेल्वेचं १९५१ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं तेव्हाही तो कंपनीच्याच नावावर राहून गेला. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन ही गाडी १९९४ पर्यंत ओढत होतं. म्हणजे ताई गेली तोवर इंजिन होतं. ती गेली आणि वर्षभरात तेही गेलं. चालत्या गाडीतून उतरायचं, बोरं तोडायची, पुन्हा मागच्या डब्यात चढायचं, हे आम्ही सगळ्यांनी केल्याचं सांगतो. ज्यांनी केलं नाही ते जास्त रंगवून सांगतात. आता रूळ रुंद करायचे म्हणून गाडी बंद आहे. भाचा रुळांपाशी गेला. दोन रुळांच्या मध्ये बाभळीचं झाड उभं होतं, चांगलं खांद्याएवढं, आणि त्याच्या सावलीत एक शेळी निवांत रवंथ करत होती. त्यानं शेळीसकट फोटो काढून आईला पाठवला. मग म्हणाला, त्याच्याकडे मोंबासाहून निघालेला रेल्वेमार्ग १८९६ ते १९०१ मध्ये झाला, हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले होते. १८९८ मध्ये सावो नदीवर दोन सिंहांनी इतके मजूर खाल्ले की पुलाचं काम बंद पडलं. "इथं काम कोणी बंद पाडलं, मामाजी?"

"फाइलनं," काका म्हणाले. "तिले गोळी घालता येत नाही."

अमरावतीत राजकमल चौकाकडे गिला वडा झाला, आणि त्या एका बाबतीत मात्र केनियानं निर्विवाद हार पत्करली. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात नेलं तेव्हा काकांनी छाती पुढे काढली: १९१४ ची संस्था, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकला आपली पोरं गेली होती. भाच्यानं पदकं विचारली. पदकं नाहीत, भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं. "आणि तुमचे लोक काय करतात ऑलिम्पिकात?" "काई नाई काका, धावतात नुसते." काकांनी विषय बदलून अंबादेवीचं दर्शन घेतलं. इथूनच श्रीकृष्णानं रुक्मिणीला पळवून नेलं, अशी श्रद्धा. आत्या म्हणाली, कौंडिण्यपूरची लेक द्वारकेला दिली, तुझी आई नैरोबीला. आमच्या मुलखातल्या पोरी लांबच पडतात, आणि माहेरी म्हणशील तर दोघीही येत नाहीत.

मग चिखलदरा. इकडच्या माणसाला चिखलदऱ्याविषयी काही बोलू नये. तो आमचा हिमालय आहे. गाविलगडाच्या डोंगरात, अकराशे मीटरच्या आसपास. पहिल्या वळणापासून गाडीतले सगळे काचा खाली करून "पाय, पाय कशी थंड हवा सुटली!" म्हणत होते, आणि सातशे मीटर वरून, म्हणजे आपल्या घरून, खाली आलेला भाचा टॉवेलनं मान पुसत "हाव ना, लय थंडी" म्हणत होता. पोराला वळण चांगलं लावलंय ताईनं. चिखलदऱ्यात कॉफीची झाडं आहेत, इंग्रजांनी लावलेली, आणि हे महाराष्ट्रात सहसा कुठे दिसत नाही म्हणून आम्ही मुद्दाम दाखवली. केनियाच्या माणसाला. कॉफी. तो ज्या देशातून आला तिथली कॉफी जगभर जाते. त्याला मात्र हसू आलं नाही. तो म्हणाला, आमच्याकडे कॉफी पिकवतात पण घरोघरी चहाच पितात, चांगली कॉफी सगळी बाहेर जाते. यावर काका, जे स्वतः वीस एकरांत कपाशी लावतात, आपल्या टेरिकॉटच्या शर्टाकडे पाहत राहिले.

मेळघाटाचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे थोडक्यातच झालं. वाघ दिसला नाही. गाइडनं ओल्या मातीतला पंजा दाखवला आणि "आत्ताच गेला" म्हणाला. मेळघाटातला वाघ नेहमी आत्ताच गेलेला असतो.

लग्नात भाच्याचंही लग्न निघणार हे उघडच होतं. तीस वर्षं उलटलेला, नोकरीवाला, परदेशातला, आणि वर वऱ्हाडी बोलणारा मुलगा मांडवात मोकळा फिरत असताना आमच्याकडच्या आयाबाया अक्षता हातात धरून गप्प बसत नाहीत. दोन तासांत चार स्थळं आली. अडचण एकच, पत्रिका. कडक मंगळ. आठव्या घरात. मंगळाची मुलगी शोधायची तर मग केनियातूनच शोधा, असंही कोणी म्हणालं. मांडवातल्या गुरुजींनी मात्र जिज्ञासेनं विचारलं, पत्रिका केली कशी? तर १९९४ साली भाऊजींनी पत्रानं जन्मवेळ कळवली होती, "तीन वाजता", आणि इथल्या ज्योतिष्यांनी पहाटेचे तीन धरून मांडली.

भाचा म्हणाला, "पहाटे? आई तं म्हणते, मी झालो तवा खिडकीतून ऊन येत होतं."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. पूर्व आफ्रिकेत स्वाहिली बोलणारे लोक तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळी सात वाजले की पहिला तास, नऊ वाजले की तिसरा. भाऊजी तेव्हा नवखे, कामासाठी मोंबासाला गेलेले. दवाखान्यातून फोन आला, मुलगा झाला, तिसऱ्या तासाला. भाऊजींनी आनंदाच्या भरात तीन लिहून पोस्टात टाकले. म्हणजे पोरगा झाला सकाळी नऊला! गुरुजींना हा प्रकार अतिशय आवडला. "अहो, हे शास्त्रशुद्ध आहे! सूर्योदयापासूनच मोजायचं असतं, आपणच सोडून दिलं." त्यांनी तिथेच, जेवणाच्या पंगतीच्या मागे, पंचांग उघडलं. नैरोबी विषुववृत्ताच्या दक्षिणेला एक अंश, आपल्यापेक्षा घड्याळ अडीच तास मागे, हे मी सांगितलं. माझ्या आयुष्यात भूगोल एवढ्या लोकांनी कान देऊन कधी ऐकला नव्हता. सहा तासांच्या फरकानं लग्नरास तीन घरं पुढे सरकली आणि आठव्यातला मंगळ पाचव्यात जाऊन बसला. दोष गेला! मांडवात अक्षरशः टाळ्या पडल्या. तीस वर्षं मंगळ वागवणाऱ्या मुलानं विचारलं, मग मी दर मंगळवारी उपास करत होतो त्याचं काय? गुरुजी म्हणाले, उपास कुठल्याही वेळेवर चालतो.

चार स्थळांची सात झाली. त्यानं सगळ्यांना "आईले विचारतो" सांगितलं आणि आपल्या वडिलांच्या गावी पळ काढला.

ते गाव खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा असा की विहीर खणली तर पाणी लागतं आणि ते खारट निघतं. रिफ्ट व्हॅलीतल्या खाऱ्या तळ्यांच्या देशातल्या माणसाला त्यात विशेष वाटण्यासारखं काही नव्हतं. पण शेतात रोडग्यांचा बेत होता. चुलतचुलत्यांनी बांधावर गोवऱ्यांचा जाळ केला होता. कणीक जाडसर दळलेली. तिच्या छोट्या पोळ्या लाटून, मध्ये तेल लावत एकावर एक ठेवायच्या, सगळ्यात बाहेरच्या पोळीत गुंडाळून गोळा बंद करायचा, आणि आर खाली बसला की तो गोळा सरळ निखाऱ्यांत. वरून राख. भाचा शेजारी उकिडवा बसून डोळ्यांतलं पाणी पुसत पाहत होता. रोडगा निघाला की तो फडक्यात घ्यायचा, राख झटकायची आणि मुठीनं फोडायचा. आतून वाफ येते आणि पदर सुटतात. त्यात तूप. सोबत वांग्याची भाजी, इतकी तिखट की पहिल्या घासाला माणूस आपल्या चुका आठवतो. भाच्यानं किती खाल्ले ते सांगत नाही, त्याला अजून नैरोबीच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. तो एवढंच म्हणाला की आई घरी ओव्हनमध्ये करते, आणि दरवेळी पहिला घास घेऊन म्हणते, "नाई झालं थसं."

हे वाक्य माझ्या आईच्या कानावर गेलं, तेही कमी ऐकू येत असताना.

परतीच्या आदल्या दिवशी अकोल्याच्या घरात सामान बांधणं चाललं होतं. ताईची यादी फोनवरून वाढत होती: मिरचीपूड, धनेपूड, ज्वारीचे पापड, सांडगे, कुरड्या, तिळाची चटणी, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतो तो गरम मसाला. विमान कंपनीची मर्यादा किलोत असते आणि आमच्याकडची माया पायलीत. म्हणून वजनासाठी त्याच किराणा दुकानातून काटा आणवला होता आणि वकीलसाहेब त्याच्यावर नजर ठेवून बसले होते. बॅग दोन किलो वर जात होती. भाच्यानं कपडे काढले. मग जोडे काढले. कुरड्यांना हात लावायला मात्र कोणी तयार नव्हतं.

तेवढ्यात आईनं आतून एक गाठोडं आणलं. उघडलं तर गोवऱ्या. चांगल्या वाळलेल्या, हातावर वाजतील अशा. "हे ने. त्याशिवाय रोडगा होत नाई."

सगळे एकदम बोलायला लागले. विमानात चालत नाही, कस्टमवाले काय म्हणतील, कुत्रं हुंगतं, केस होईल. केसचं नाव निघताच वकीलसाहेबांचा चेहरा उजळला. भाच्यानं आजीच्या हातातून गाठोडं हळूच घेतलं आणि समजावलं, "आजी, तिकडं शेणाची कमी नाई वं. मसाई लोकायपाशी आपल्यापेक्षा जास्त गाई हायेत. ते तं घरंबी शेणानंच सारवतात."

आई विचारात पडली. "मंग गोवऱ्या काऊन थापत नाई?"

"माहीत नाई. बहुतेक येत नसन."

"येत नसन म्हणजे? गाई हायेत, ऊन हाय..."

"ऊन नाई तिकडं, आजी," भाचा म्हणाला, आणि वकीलसाहेब खिडकीबाहेर पाहू लागले.

"आडोशाले वाळतात. लागतात चार दिवस जास्त," आई म्हणाली. "मीच येतो तिकडं. शिकवतो त्यायले. पासपोर्टले काय लागते रे?"

चेष्टा वाटली म्हणून आम्ही हसलो. रात्री जेवण झाल्यावर ती चष्मा लावून, पदर खोचून माझ्यासमोर येऊन बसली, तेव्हा मला मोबाइलवर अर्ज उघडावाच लागला. नाव झालं, पत्ता झाला, जन्मतारखेपाशी गाडी अडली. आधार कार्डावर तिचा जन्म १ जानेवारीचा आहे. आमच्या गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्या त्याच दिवशी जन्मल्या आहेत.

"थे चुकीचं हाय," आई म्हणाली. "लिहा, कपाशीची दुसरी वेचणी चालू होती."